जेवणानंतर बिघडणारी मशीन

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी मध्य प्रदेशात, बालाघाटच्या एका दरवाज्यांच्या कारखान्यात लागलो, तेव्हा बाबांनी माझं नेमणुकीचं पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि आपल्या बसच्या कागदांत ठेवून दिलं. बाबा लांजी ते बालाघाट खासगी बस चालवतात. परमिट, विमा, फिटनेस आणि त्यांच्याखाली माझं पत्र. रस्त्यात कोणी कागद तपासायला मागितले की तेही त्याच्या हाती जायचं. मग बाबा म्हणायचे, "हे गाडीचं नाही जी, पोराचं हाये." आणि समोरचा ते पूर्ण वाचून परत देईपर्यंत बस थांबवून ठेवायचे.

मी मेंटेनन्स इंजिनिअर. कारखाना मोठा नाही. करवती, दाबाची प्रेस, रंगाची खोली आणि मधोमध सँडर. सँडर म्हणजे दरवाजा घासून गुळगुळीत करणारी मशीन. तिच्यात चार फुटांहून रुंद असा पॉलिश पेपरचा पट्टा असतो, वरच्या आणि खालच्या रोलरवर चढवलेला. पट्टा जोरात फिरतो, खालून दरवाजा सरकत येतो आणि दुसऱ्या बाजूने निघतो तेव्हा त्यावरून हात फिरवावासा वाटतो. कारखान्यातलं सगळं काम शेवटी या एका मशीनपाशी येऊन थांबतं. ती बंद पडली की प्रेसवाले बिड्या ओढत बसतात आणि रंगवाले झोपतात.

ही मशीन एक काका चालवायचे. ते लांजीच्याच बाजूचे, गोंदियाच्या सीमेवरच्या गावचे. शेती धाकट्या भावाकडे सोपवून बावीस-तेवीस वर्षांपासून बालाघाटात खोली घेऊन राहत होते. मशीन कारखान्यात आली त्या दिवशी ट्रकवरून ती उतरवणाऱ्यांत ते होते आणि तेव्हापासून तिच्यापाशीच होते. उंच, किडकिडीत, खांद्यावर कायम गमछा. वाचता थोडंफार यायचं, तेही छापील. मला ते साहेब म्हणायचे. त्या साहेब म्हणण्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला पहिले काही महिने कळलं नाही.

रुजू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी मी पाहिलं की काका सकाळी मशीन सुरू करण्याआधी बाजूचं दार उघडतात, आत वाकतात, तिथल्या एका छोट्या काचेवर हाऽ करून वाफ सोडतात आणि गमछ्याच्या टोकाने ती पुसतात. ती काच सेन्सरची होती. फिरणारा पट्टा एका जागी स्थिर ठेवायचा नसतो. तो थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे झुलत राहिला पाहिजे, नाहीतर दरवाज्यावर रेघा उमटतात. हे झुलणं तो सेन्सर सांभाळतो. पट्ट्याची कड त्याच्यासमोर आली की प्रकाश अडतो, आणि वरचा रोलर किंचित तिरपा होऊन पट्ट्याला दुसऱ्या बाजूला पाठवतो. कड दूर गेली की पुन्हा इकडे. दिवसभर हेच.

इतक्या नाजूक वस्तूला गमछा! मी त्याच दिवशी कागदावर हिंदीत मोठ्या, छापल्यासारख्या अक्षरांत लिहिलं, "सेंसर को हाथ न लगाएँ। सफ़ाई केवल मेंटेनेंस विभाग करेगा।" आणि तो मशीनवर चिकटवला.

काकांनी एकेक शब्द जुळवत कागद वाचला. "हा विभाग कुठी बसते जी?"

"मीच आहे काका."

"असं असं. मंग विभागाले चहा आणू का?"

मी मान डोलावली. चहा आला. मला तेव्हा वाटलं, माझं म्हणणं त्यांना पटलं.

मी साफसफाईचा तक्ताही केला. सेन्सरच्या रकान्यात रोज सकाळी हवेच्या नळीने धूळ उडवून मी बरोबरची खूण करायचो. बाकी सगळं मात्र काकाच मला शिकवत होते, हे आज मोकळेपणाने लिहितो. कॉलेजात मी सँडरचं चित्रही पाहिलं नव्हतं. दरवाज्यावर ठरावीक अंतराने आडव्या खुणा येऊ लागल्या की मी रोलरचे बेअरिंग खोलायला निघायचो, आणि काका म्हणायचे, "थांबा जी. आधी पट्ट्याचा सांधा पाहा. सांधा जाड असला का प्रत्येक फेऱ्यात एकदा ठोका देते." सांधाच निघायचा. लांबच्या लांब काळपट रेघ आली तर, "सागात तेल रायते. पेपराच्या दाण्यात भरलं. पट्टा धुवा नाही तर बदला, मशीनले काहून दोष देता?" पावसाळ्यात नवे पट्टे कडेने वळायचे आणि चढवल्या चढवल्या फाटायचे. काकांनी छताच्या पाइपाला बांबू बांधला होता. उद्या लागणारा पट्टा आदल्या दिवशी त्यावर टांगायचा, म्हणजे तो इथल्या हवेला सरावतो. मी नंतर पुस्तकात वाचलं, तिथेही तेच लिहिलं होतं. फक्त बांबू नव्हता.

दरवाजा सगळीकडे सारखा घासला जातो का, हे पाहायला ते त्यावर पेन्सिलीने नागमोडी रेघ ओढून मशीनमध्ये सोडायचे. जिथे रेघ उरली तिथे घास कमी. आणि शेवटी तळहाताखाली सुती रुमाल घेऊन दरवाज्यावरून फिरवायचे. उघड्या हाताला जे लागत नाही ते रुमालाखाली लागतं. मी करून पाहिलं. खरंच लागतं.

असे दहा महिने गेले. मग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला अवजारांची, यंत्रांची पूजा होते. कारखान्यात रीत अशी की जो ज्या मशीनवर काम करतो त्यानेच तिची पूजा करायची. करवतवाला करवतीची, प्रेसवाला प्रेसची. सँडरची पूजा दरवर्षी काका करायचे. त्या वर्षी कारखान्याचे मालक, सेठजी, पूजेच्या वेळी स्वतः हजर होते. ते म्हणाले, "इस बार सैंडर की पूजा हमारे इंजीनियर साहब करेंगे।"

काकांच्या हातात ताट होतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

मला फार आनंद झाला. खोटं कशाला बोलू? लांजीच्या बस-स्टँडवर उभं राहून मी लहानपणी दरवर्षी बाबांना बसची पूजा करताना पाहिलं होतं. झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, आणि सर्वांत शेवटी तेलात कालवलेल्या कुंकवाचा टिळा, हेडलाइटच्या काचेवर, बरोबर मधोमध. आज माझी वेळ होती आणि माझ्यासमोर बसपेक्षा महाग मशीन होती. मी माळ घातली. नारळ फोडला. मशीनच्या लोखंडी अंगावर पाच टिळे लावले. मग बाजूचं दार उघडलं, आत वाकलो आणि तेल-कुंकवाचं बोट त्या छोट्या काचेवर टेकवलं, बरोबर मधोमध.

काका माझ्या मागेच उभे होते. "साहेब," ते म्हणाले.

"हो काका?"

त्यांनी मशीनवरच्या माझ्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाले, "काही नाही. प्रसाद घ्या."

दसऱ्यानंतर चार-पाच दिवस मशीन नेहमीसारखी चालली. मग बिघडू लागली, आणि तीही विचित्र पद्धतीने. सकाळी ठीक. दहा-अकरापर्यंत ठीक. जेवणाची सुट्टी होऊन दोन वाजता काम सुरू झालं की थोड्या वेळात पट्टा डावीकडे जाऊ लागायचा. जायचा तो परत यायचाच नाही. कड लोखंडाला घासायची, धागे निघायचे आणि शेवटी मशीन स्वतःला ब्रेक लावून थांबायची. कधी ब्रेक लागण्याआधीच पट्टा फाटायचा. फटाक्यासारखा आवाज व्हायचा आणि सगळा कारखाना मान वळवायचा. जे दरवाजे तोवर निघायचे त्यांच्यावर सरळ रेघा असायच्या, कारण पट्टा झुलतच नव्हता.

नेमकी तेव्हाच मोठी ऑर्डर होती. परसवाडा गावाकडे मुलींचं एक वसतिगृह बांधलं जात होतं, त्याचे सगळे दरवाजे दिवाळीआधी द्यायचे होते.

मी जे जे शिकलो होतो ते सगळं केलं. कंप्रेसरमधलं पाणी काढलं. हवेचा दाब मोजला. रोलर लेव्हलमध्ये आहेत का ते पाहिलं. धूळ ओढणारा पाइप उघडून झटकला. पट्टे बदलले. सेन्सरवर सकाळी वरच्या फटीतून हवा मारतच होतो आणि तक्त्यात खूण करतच होतो. दुपारी पुन्हा तेच. एका आठवड्यात तीन पट्टे गेले.

सेठजी येऊन उभे राहिले. "सुबह ठीक, खाने के बाद ख़राब। मशीन को क्या मालूम कि खाने का टाइम हो गया?"

प्रेसवाला म्हणाला, "सेठजी, मशीन को भी दाल-भात चाहिए।" सगळे हसले. काकाही हसले. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात सेठजींचं वाक्य अडकून बसलं होतं. मशीनला जेवणाची वेळ कळत नाही. माणसाला कळते. मग दुपारी काय बदलतं? माणूस. काकांचं वय झालेलं. पोटभर भात खाल्ल्यावर डोळा लागणं साहजिक. पट्टा सरकू लागल्यावर हाताने जो थोडा ताण द्यावा लागतो, तो ते वेळेवर देत नसतील. दोनदा मी त्यांना दुपारी स्टुलावर डोळे मिटून बसलेलं पाहिलंही होतं. सगळं जुळत होतं. मला तर अभिमानच वाटला की मी यंत्रापलीकडे जाऊन विचार करू शकलो.

सेठजींनी लेखी मागितलं होतं. मी हिंदीत एक पानाचा अहवाल लिहिला. मशीनमध्ये कोणताही दोष आढळला नाही. बिघाड फक्त दुपारच्या वेळी होतो. ऑपरेटरचं वय आणि दुपारचा थकवा यामुळे पट्ट्यावर लक्ष राहत नाही. खाली सही, नाव, पद.

सेठजींनी वाचून घडी घातली. दोनच दिवसांनी त्यांनी काकांना बोलावून सांगितलं की दिवाळीनंतर सँडरवर नागपूरहून नवा माणूस येतोय. काकांची नोकरी जाणार नाही. ते गेटवर बसतील, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या लिहितील.

काका परत आले तेव्हा मी मशीनपाशीच होतो. त्यांनी गमछा खांद्यावरून काढला, झटकला, पुन्हा टाकला.

"गेटवर स्टूल हाये का खुर्ची?" त्यांनी मला विचारलं.

"खुर्ची आहे काका."

"हौ. मंग बरं हाये. कमर दुखते माही." ते मशीनकडे वळले, आणि बराच वेळ मागे न पाहता पट्ट्यावर हात फिरवत राहिले. थोड्या वेळाने, मला उद्देशून की मशीनला ते कळलं नाही, म्हणाले, "पण गाड्या लिहासाठी अक्षर कोठून आणू आता?"

ते मी ऐकलं आणि ऑफिसमध्ये जाऊन बसलो. अहवाल मी लिहिला हे त्यांना ठाऊक नव्हतं. सेठजींनीच ठरवलं असं ते समजत होते. मला ते सांगावंसं वाटलं, आणि सांगितलं नाही.

त्या रविवारी मी लांजीला घरी गेलो. आमच्या शेजारच्या मुलाने दिवाळीआधीच नवी मोटरसायकल घेतली होती आणि आईला ओवाळायला बोलावलं होतं. सकाळचे दहा वाजले असतील. आईने आरती केली, हँडलला माळ घातली आणि हेडलाइटच्या काचेवर तेल-कुंकवाचा टिळा लावला. पोराने लगेच किल्ली फिरवली. त्याला मित्रांना गाडी दाखवायला जायची घाई होती.

ओट्यावर बसलेले बाबा उठले. "थांब रे. काहून पळून राह्यला? काच पुस आधी."

"अहो, पूजेचं कुंकू हाये न ते!" आई म्हणाली.

"देवाले पोचलं ते. आता काच पुसली पाह्यजे." बाबांनी आपला दुपट्टा काढून स्वतःच पुसली. एकदा कोरडी, एकदा ओली करून, पुन्हा कोरडी. "तेलाचं कुंकू म्हणजे गोंद. त्याच्यावर रस्त्याची धूळ बसते. सकाळी फुंकर मारली का वाटते साफ झाली. दुपारपर्यंत परत बसते आणि संध्याकाळी दिवा लावला का अर्धाच रस्ता दिसते. वरून उडवून ते जात नाही. बोटानं पुसा लागते."

मी चहाचा कप हातात घेऊन उभा होतो. सकाळी साफ, दुपारपर्यंत परत. मी कप खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही बसचा टिळा पण पुसता?"

"मंग? सारी रात आंधळी गाडी चालवू का?"

"मी कधी पाहिलं नाही."

"तू कुठून पाहाशील? टिळा लागला का तू सोनं वाटाले पळे."

खरं होतं. दसऱ्याला टिळा लागला की आम्ही पोरं आपट्याची पानं घेऊन घरोघर सोनं द्यायला धावायचो. वीस वर्षं मी बाबांची पूजा पाहिली होती, पण अर्धीच. लावणं पाहिलं होतं, पुसणं नाही.

सोमवारी मी कारखान्यात सगळ्यांच्या आधी पोहोचलो. मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं, बाजूचं दार उघडलं आणि या खेपेला वरून हवा न मारता आत डोकं घातलं. सेन्सरच्या काचेवर काहीच लाल दिसत नव्हतं. लाकडाच्या रंगाची जाड साय होती. नखाने खरवडली तेव्हा खालून कुंकू निघालं.

पुढचं समजायला पदवीची गरज नव्हती. मी रोज हवेने वरची सुटी धूळ उडवत होतो, म्हणून सकाळी काच थोडी उघडी राहायची. दुपारपर्यंत तेलावर नवा थर बसायचा आणि प्रकाश अडायचा. सेन्सरला वाटायचं पट्टा समोरच आहे. तो रोलरला सांगायचा, डावीकडे पाठव. पट्टा डावीकडे जायचा, सेन्सरला तरी तो समोरच वाटायचा, पुन्हा डावीकडे पाठव. मशीन सांगितलेलं ऐकत होती.

काका आले तेव्हा मी तसाच आत वाकलेला होतो.

"सापडलं का जी?"

मी बाजूला झालो. त्यांनी पाहिलं. माझ्या बोटाचं टोक लाल होतं.

"काका, मी दसऱ्याला हे लावलं तेव्हा तुम्ही काही बोलणार होता."

"हौ."

"मग बोलला काहून नाही?"

"तुमचा कागद लागला होता न. हात लावासाठी मनाई." त्यांनी हनुवटीने कागद दाखवला. "आणि पूजेचं कुंकू मी कसा पुसू? दुसऱ्याच्या हातचं. बरं, चार दिवस तर चांगली चालली. मले वाटलं, विभागाले माहीत असन."

त्यांनी गमछ्याचं टोक काढून माझ्यासमोर धरलं. ते स्वतः पुसत नव्हते. पुसणार मी, एवढं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. मी काचेवर हाऽ केलं आणि पुसली. एकदा कोरडी, एकदा ओली, पुन्हा कोरडी.

नवा पट्टा चढवला. तो बांबूवर दोन दिवस टांगलेलाच होता, काकांनी टांगलेला. मशीन सुरू केली. पट्टा डावीकडे गेला, थांबला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे. आम्ही दोघं पाहत उभे राहिलो. एक वाजला, जेवण झालं, दोन वाजले, तीन वाजले. चारला प्रेसवाला येऊन म्हणाला, "आज दाल-भात पच गया?" तेव्हा मी सेठजींकडे गेलो.

त्यांच्या खोलीचं दार मी ढकललं. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. बाबांच्या पिशवीतलं ते पत्र डोळ्यांसमोर होतं. पण सोमवार होता, आणि दिवाळी पुढच्याच आठवड्यात. नागपूरचा माणूस आला की काकांना मशीनपाशी परत आणणं कोणाच्याच हातात राहिलं नसतं. मी सगळं सांगितलं. टिळा, काच, तक्त्यातल्या खुणा, काकांचं रोजचं पुसणं मी बंद केलं तेही.

सेठजींनी चष्मा काढला. "मतलब पूजा से मशीन ख़राब हुई?"

"पूजा से नहीं सेठजी। मेरे हाथ से।"

"और ये जो लिखकर दिया था?" त्यांनी खणातून माझा अहवाल काढला.

"वो ग़लत है। मैं वापस लेता हूँ।" मी कागद घ्यायला हात पुढे केला.

त्यांनी दिला नाही. "फाड़ना मत। दूसरा लिखो, इसके ऊपर लगेगा। दोनों फ़ाइल में रहेंगे।" मग त्यांनी फोन उचलला आणि माझ्यासमोरच नागपूरच्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "खड़े क्यों हो? दरवाज़े कौन भेजेगा?"

दुसरा अहवाल मी त्याच संध्याकाळी लिहिला. सही करण्याआधी काकांकडे नेला. ते हात-पाय धुऊन बाकावर बसले होते.

"काका, हे सेठजींना द्यायचं आहे. तुम्ही ऐकून घ्या."

मी वाचलं. बिघाड सेन्सरच्या काचेवर तेल-कुंकू लावल्यामुळे झाला. ते मेंटेनन्स इंजिनिअरने लावलं. ऑपरेटर रोज काच पुसत असत, ते इंजिनिअरने चुकीने थांबवलं होतं. ऑपरेटरचा काहीही दोष नाही.

काका ऐकत होते. "हा दुसरा हाये म्हणता. मंग पहिल्यात काय होतं?"

मला वाटलं होतं की ते विचारणार नाहीत. मी पहिला तोंडपाठ सांगू शकलो असतो, पण सेठजींकडून तो मागून आणला आणि बाकावर त्यांच्या बाजूला बसून शब्द न् शब्द वाचला. वय. दुपारचा थकवा. लक्ष राहत नाही. सही.

बाहेर कोणीतरी सायकलीची घंटी वाजवून त्यांना हाक मारली, त्यांनी हातानेच जा म्हणून सांगितलं.

"हिंदी चांगली हाये तुमची," ते शेवटी म्हणाले.

मी पहिला कागद दुसऱ्याखाली ठेवला.

"डोळे मिटून मी ऐकत असतो जी. पट्टा सरकला का आवाज बदलते. डोळे उघडे ठेवले का आवाज कमी येते. हे तुम्ही विचारलं असतं तर सांगतलं असतं."

"चुकलो काका."

"हौ. चुकले." त्यांनी ते उगीच खोडून काढलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे. मग त्यांनी डबा उघडला. दुपारचा उरलेला भात आणि लाल मिरचीचा ठेचा होता. डबा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "खा. भात खाल्ल्यावर झोप येते का पाहा."

दरवाजे वेळेत गेले. शेवटच्या गाडीवर काकांनी स्वतः दोरी आवळली.

मशीनवरचा माझा कागद मी काढला आणि दुसरा लावला. त्यावर लिहिलं आहे की सेन्सरची काच रोज सकाळी, मशीन बंद असताना, ऑपरेटरने मऊ कापडाने पुसायची. काकांनी तो वाचून विचारलं, "विभाग बंद झाला का?" मी म्हटलं, विभाग आता तुमच्या हाताखाली आहे. तेव्हापासून ते मला साहेब म्हणतात तेव्हा त्यात काय आहे ते मला कळतं, आणि जे आहे ते मला आवडतं. सँडरवर आजही तेच आहेत. दुपारी स्टुलावर डोळे मिटून बसतात, आणि तेव्हा त्यांच्याशी कोणी बोलत नाही.

पुढच्या दसऱ्याला पूजा काकांनी केली. ताट मी धरलं. पाच टिळे लोखंडावर लागले, काचेला फक्त फूल दाखवलं. मग सुट्टी घेऊन मी लांजीला गेलो. बाबांनी बसला माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं, हेडलाइटवर टिळा लावला. गल्लीतली पोरं पानं घेऊन धावली. आईने मलाही आपट्याची पानं दिली, म्हणाली, जा, मोठ्या माणसांना सोनं देऊन ये.

"जातो," मी म्हटलं. "बाबांचं होऊ दे."

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. मी पाणी आणून दिलं.